काचेतला दिवा

माझ्या बायकोच्या हातची तांदळाची भाकरी इतकी पातळ असायची की डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा माणिकगड दिसायचा, आणि हवा स्वच्छ असली तर गडावर चरणाऱ्या बकऱ्याही मोजता यायच्या. एकदा अशीच एक भाकरी तव्यावर टम्म फुगली, मागच्या दारातून वाऱ्याचा झोत आला आणि तिला उचलून घेऊन गेला. आमच्या लोधिवलीतून निघाली ती थेट चौकच्या बाजारात उतरली. तिथं कुणीतरी ती सुकटीबरोबर खाल्ली आणि सांजेला निरोप धाडला, आणखी एक सोडा, एकट्याला पुरली नाही.

हे मी पारावर सांगायला लागलो की नामा विचारायचा, "धाकलू, बकऱ्या किती मोजल्यास रं?"

"सतरा. त्यातली एक गाभण व्हती."

घरातून इंदू ओरडायची, "अवो, निदान माज्या भाकरीला तरी सोडा!" ओरडायची, पण हसत ओरडायची. तिच्या भाकरीबद्दल मी जे बोललो त्यातलं निम्मं तरी खरं होतं, आणि मी बोललेल्यात निम्मं खरं म्हणजे फारच झालं.

मग रस्ता रुंद झाला आणि आमचं घर त्याच्या पोटात गेलं. पारही गेला. आमचा एकुलता एक मुलगा नवीन कर्जतला नव्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. तो टेंपो घेऊन आला आणि आम्हाला घेऊन गेला. सून सुरभी पनवेलला बँकेत, नवीन ठाण्याला. दोघं सकाळी जायची ती दिवेलागण उलटल्यावर यायची.

पण घर जायच्या आधी आणखी एक गोष्ट जायला लागली होती, आणि ती फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

इंदू ओटीवर गोधडी शिवत बसली होती. मी समोर सुपारी कातरत होतो. बघतो तर गोधडीवर लाल ठिपके. सुई तिच्या बोटातून आरपार गेलेली, आणि ही आपली दुसऱ्या हातानं दोरा ओढतेय, दोरा का सरत नाही म्हणून वैतागतेय.

"इंदे, बोट बघ तुजं."

तिनं बघितलं. दुसऱ्या कुणाचं तरी बोट असावं तसं बघितलं. मग सुई काढली, पदराला पुसली आणि म्हणाली, "नवी सुई हाय. टोक बारीक, म्हनून कळलं नाय."

जन्मभर थापा मारल्यामुळं दुसऱ्याची थाप मला चटकन ओळखू येते. मी तिला चौकच्या डॉक्टरकडं नेलं. साखर तिला दहा वर्षांची. डॉक्टरनं तिला डोळे मिटायला सांगितले आणि एकेका बोटाला टाचणी लावत विचारलं, "टोचलं?" ती दर वेळी म्हणाली, "टोचलं." दोनदा तर त्यानं टाचणी लावलीच नव्हती, तरी ही म्हणाली, "टोचलं की! केवडं टोचलं!"

बाहेर येऊन डॉक्टर मला म्हणाला, "काका, बोटांच्या नसा गेल्यात. तळव्यात थोडी जाण आहे, तीही किती दिवस राहील सांगता येत नाही. विस्तवापासून जपा त्यांना."

येताना इंदू रस्त्याच्या कडेला थांबली. बाजूनं ट्रक जात होते, म्हणून मोठ्यानं बोलली.

"नवीनला सांगायचं नाय. सुरभीला तर नायच नाय."

"अगं, पन..."

"पन नाय नि बिन नाय. त्यांच्या घरात जायचं नि मी नुसती बसून खायची? भाकर करतेय तोवर मी हाय. हात गेला म्हंजे मी गेली. मंग मला कुटं नेऊन टाकायचं तिथं टाका."

तांदळाच्या भाकरीचं असं आहे की तिची कड डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळते. पीठ गरम पाण्यात मळायचं, परातीत थापायचं, आणि फिरवता फिरवता कड कुठं जाड राहिली ते बोटं आपोआप सांगतात. इंदूची बोटं आता काही सांगत नव्हती. ती अंदाजानं थापत होती, चाळीस वर्षांच्या आठवणीवर. मी म्हटलं, नाय सांगत कुणाला.

नव्या घरात धूर नाही, सिलेंडर नाही, गॅसची नळी अजून यायची होती. ओट्यावर काळी काच बसवलेली, आरशासारखी. बटणाला बोट लावलं की काचेच्या पोटातली तार लाल होते आणि वरचं भांडं तापतं.

पहिल्या रविवारी सुरभी सासूला शिकवायला उभी राहिली. पोरगी समजावून सांगणारी आहे, खोटं कशाला बोलू.

"आई, हा तवा नाही चालणार. बूड गोल आहे, मधेच टेकतो. काचेला पूर्ण टेकेल असा सपाट हवा, नाहीतर नुसती वीज जाते."

"अगं, माज्या सासूचा तवा हाय ह्यो. बिडाचा."

"म्हणून तर. खरखरीत आहे, ओढला की काचेवर चरे पडतील. मी सपाट आणलाय. तोही ओढायचा नाही हां, उचलायचा. वरून आपटायचा तर अजिबात नाही."

इंदूनं मान डोलावली. सुरभी फोन घ्यायला आत गेली आणि परत येऊन बघते तर सासूबाईंनी भाताचा टोप पालथा घालून त्याच्या बुडाला ओल्या राखेचा हात दिलेला. राखेचा डबा तिनं लोधिवलीहून कपड्यांच्या गाठोड्यात घालून आणला होता.

"आई! हे काय?"

"भांडं काळं व्हईल ना गं बाहेरून. मंग घासत बसायचं कुनी?"

"कशानं काळं होईल? इथं धूर कुठाय?"

इंदू बराच वेळ त्या काचेकडं बघत राहिली. "धूर नाय, जाळ नाय. मंग शिजतं कशावर?"

मी म्हटलं, "शेजारच्या बिल्डिंगीतला जाळ चोरतात. रात्री वायरीतून इकडं आनतात. म्हनून तर बिल येतं, दंड हाय तो."

सुरभी हसली. मग साखर-गूळ सांडला तर काय करायचं, पुसायचं कधी, ओला टोप ठेवायचा नाही, असं ती पुढं सांगायला लागली आणि मी कंटाळून खाली फिरायला गेलो. तेवढा एक अर्धा तास मी तिथं नव्हतो.

आठवडाभरात इंदूनं ती काच माणसाळवली. बंद केल्यावरही काच बराच वेळ तापलेली राहते हे तिनं हेरलं. पाणी आटत आलं की बटण बंद करायची, झाकण तसंच ठेवायची आणि भात उरलेल्या धगीवर मुरायचा. चुलीतली लाकडं मागं ओढून निखाऱ्यावर भात ठेवतात, अगदी तसा. काच गार झाल्यावरच पुसायची, कोरड्या फडक्यानं. त्या काचेवर चमचासुद्धा ठेवू द्यायची नाही मला. सुरभी म्हणाली, "आई, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त जमली." इंदूनं ते दिवसभर पुरवून पुरवून मला ऐकवलं.

माझं मात्र काही जमत नव्हतं. नवव्या मजल्यावर पार नसतो. लिफ्टमध्ये मी एकाला म्हटलं, आमच्या गावाला एकदा मगरीनं माझी चप्पल परत आणून दिली, तर त्यानं कानातली बोंडकी काढली, "काय काका?" म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचा मजला आला. तीन आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही. गॅलरीत बसायचो आणि माथेरानच्या डोंगराकडं बघायचो. डोंगरालाही माझ्यात रस नव्हता.

अशातच एका संध्याकाळी इंदूनं हाक मारली. "अवो, हिकडं या. ह्यो कसला वो दिवा?"

शेगडी बंद होती. काचेच्या कोपऱ्यात एक लाल खूण पेटली होती. दोन उभे खांब आणि मधे एक आडवी दांडी. ते इंग्रजी अक्षर असणार एवढं मला कळलं. पण मला इंग्रजी येत नाही हे बायकोपुढं कबूल करायचं म्हणजे जिवावर आलं, आणि खरं सांगायचं तर तीन आठवड्यांचं साचलेलं होतं.

"हे तुला म्हाईत नाय? अगं, ही काच काढनारा मूळचा आपल्या कळंबकडचा. त्याची आई रोज सांजेला चुलीला हात जोडायची. पोरगा मोठा झाला, कारखाना काढला, ही काच घेऊन आईकडं आला. म्हनला, आये, बघ बिनजाळाची चूल. म्हातारी म्हनली, भाड्या, जाळच नाय तर मी हात जोडू कुनाला? पोरगं रडलं. माघारी गेलं नि कोपऱ्यात दिवा बसवून आनला. चूल निजली की ह्यो दिवा लागतो. घरच्या बाईनं नमस्कार केला, की मंग आपला आपन इझतो."

"आनि नाय केला तर?"

"तर अंमळ वाट बघतो नि इझतो. देव काय भांडत बसतो का?"

इंदू हसली. हनुवटीला हात लावून हसली, पारावर ओरडताना हसायची तशी. मग तिनं त्या लाल खुणेसमोर हात जोडले, दोन्ही तळवे काचेवर धरले आणि ती ऊब डोळ्यांना लावली. आरतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावतात ना, तसं.

मी इतका खूश झालो की जेवताना नवीनला मगरीची गोष्ट सांगितली.

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज दिवेलागणीला भात मुरत ठेवायची, टोप खाली घ्यायची, दिव्यासमोर उभी राहायची आणि तळवे काचेवर धरायची. मी दारातून बघायचो. माझी एक थाप देव्हाऱ्यात जाऊन बसली होती, याचा मला गर्व वाटायचा. सुरुवातीला तळवे वीतभर वर असायचे. पुढं पुढं खाली येत गेले. मला वाटलं, भाव वाढला.

भाकरी मात्र बिघडत चालली. एका कडेला जाड, मधे फाटलेली, कधी तव्यावर टाकतानाच दुमडलेली.

"आई, भाकरी आज जाड झाली का गं?" नवीननं एकदा विचारलं. सहजच विचारलं.

इंदूचा घास हातातच राहिला. मी मधे पडलो. "पान्याचा गुन हाय रं. उल्हास नदीचं पानी जड. पोलाद असतंय त्यात. ह्या पान्यात पीठ मळलं की भाकरीला पैलवानी चढते."

"काहीही, बाबा!"

"काहीही काय? इथल्या नळाखाली कुलूप धरून बघ, पाघळतं."

पोरं हसली, जेवण झालं. इंदूनं माझ्याकडं बघितलं, पण हसली नाही. फाटलेल्या भाकऱ्या ती माझ्या ताटात घालायची, वर चांगली अर्धी झाकून. रोज मी नवी थाप काढायचो. पीठ जुनं, चाळणीचं भोक मोठं, नववा मजला म्हणून हवा विरळ. महिनाभर मी आमच्या दोघांचं गुपित असं थापांवर तोलून धरलं, आणि मला वाटलं जमतंय.

तो गुरुवार होता. मी गॅलरीत होतो. वास आला. मला वाटलं दूध उतू गेलं. मग वाटलं दुधाचा नाही हा, आणि उठलो.

इंदू ओट्याशी उभी होती. डोळे मिटलेले. दोन्ही तळवे काचेला सपाट टेकलेले. पलीकडच्या खोलीत कुणी हळू बोलत असावं आणि ते ऐकू यावं म्हणून भिंतीला कान लावावा, तसं तिचं तोंड झालं होतं. कोपऱ्यात ती लाल खूण.

मी तिला मागं ओढलं.

"ओढता काय!" ती खेकसली. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तिथून खाली, आपल्या हातांकडं.

पुढचं मी लांबवत नाही. नळाखाली हात धरले, नवीनला फोन केला, शेजाऱ्यानं गाडी काढली. डावा हात तिनं हलका टेकवला होता, तो भरून आला. उजवा नाही आला. साखरेनं जखम धरून ठेवली. महिन्याभरानं मोठ्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढली, उरलेली आखडली. मूठही वळत नाही आणि हात उघडतही नाही.

दवाखान्यात बाकावर बसून मी नवीनला सगळं सांगितलं. सुई, डॉक्टर, टाचणी आणि दिवा.

"नवीन, ह्ये माज्यामुळं झालं. मी तिला सांगितलं, देवाचा दिवा हाय म्हनून. कळंबची म्हातारी, तिचा पोरगा, सगळं मी रचलं."

तो माझ्याकडं बघत होता. डोळे लाल होते. "बाबा, इथं तरी नको," म्हणाला आणि औषधं आणायला उठून गेला.

आयुष्यात एकदाच धडधडीत खरं बोललो होतो.

सुरभी तिथंच बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, पहिल्या रविवारी तुम्ही खाली गेलात ना, तेव्हा मी आईंना सांगितलं होतं. तो एच म्हणजे काच तापलेली आहे. तो विझेपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं होतं."

मला वाटलं, पोरगी माझी समजूत काढतेय. नाहीतर आपल्यावर ठपका येऊ नये म्हणून बोलतेय. पण घरी आल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जी बाई बंद शेगडीच्या धगीवर भात मुरवते, तिला काच तापलेली आहे हे मी सांगायला हवं होतं का?

सुरभीनं शेगडीला कुलूप लावलं. एका बटणावर बोट दाबून धरलं की लागतं आणि तसंच धरलं की निघतं. ते कसं काढायचं हे तिनं मला एकट्याला दाखवलं. पंचाहत्तरीला आलेला मी शिकलो. सपाट टोप, कोरडं बूड, उचलायचं, ओढायचं नाही, उतू गेलं तर गार होईपर्यंत थांबायचं. मला पेज येते, भात येतो. भाकरी येत नाही. एकदा करून बघितली, इंदूनं मान फिरवली.

ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसते, हात मांडीवर ठेवून. बोलत नाही. रडत असती तर बरं झालं असतं.

परवा दुपारी पेज ठेवली होती. घरात आम्ही दोघंच. मी शेगडी बंद केली, खूण पेटली. मी तिकडं बोट दाखवलं.

"इंदे, सुरभी म्हनते, तुला म्हाईत व्हतं ह्ये काय हाय ते."

ती म्हणाली, "व्हतं."

"मंग मला कशाला इचारलंस?"

"तुमी तीन हप्ते तोंड मिटून बसलेले. बोलायला मानूस नाय तुमाला. म्हटलं, कायतरी सांगतील."

माझ्या हातात पेज ढवळायचा डाव होता. तो खाली ठेवायचंही मला सुचेना.

"आनि हात कशाला धरलास गं? रोज?"

"पैल्या दिवशी तुमची गोष्ट ऐकली नि गमतीनं धरला. तर ऊब कळली. बोटांना न्हवं, तळव्याला कळली. वीतभर वरून. मला एवडं बरं वाटलं! म्हटलं, समदं नाय गेलं अजून." ती हातांकडं बघत बोलत होती. "मंग रोज बगायची. वीतभरावरनं कळायचं बंद झालं, तवा चार बोटं वर धरला. मंग दोन. मंग एक."

"आनि त्या दिवशी?"

"त्या दिवशी टेकवला. कायच कळलं नाय. म्हटलं जरा थांबू, कळंल. लई येळ थांबली मी."

महिनाभर मी दारात उभा राहून बघत होतो. तिच्या हातातली एकेक बोटभर जाण माझ्या डोळ्यांसमोर जात होती आणि मी त्याला भाव म्हणत होतो.

"मला का नाय सांगितलंस?"

"तुमी तरी काय केलं असतं? गोष्ट सांगितली असती."

मी वाटीत पेज घेतली, तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि चमचा भरला. तिनं तोंड उघडलं.

"गरम हाय का गं?"

"हाय. तोंडाला कळतंय अजून."

तीन चमचे घेतले आणि तिनं मान फिरवली. "पुरं."

"अगं, तीनच झाले."

"पुरं म्हटलं ना."

मी आणखी थोडा वेळ चमचा धरून बसलो. ती खिडकीकडं बघत होती, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. उरलेली पेज मी ओट्याशी उभ्यानंच खाल्ली. मीठ घालायचं राहून गेलं होतं. तिनं सांगितलं नव्हतं.